तीन रुळांचे बावीस डबे

चार मोठी माणसं दर रविवारी एका खोलीत जमून बोटभर डब्यांच्या चाकांशी झटत बसली, की काम कमी आणि किस्से जास्त होतात. आमचं तसंच झालं आहे. डबे होते बावीस, त्यांचे किस्से मोजायला गेले तर शंभर भरतील. त्यातले काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत, कारण आमच्यातल्या डॉक्टरांची प्रॅक्टिस अजून चालू आहे! उरलेल्यांपैकी थोडे सांगते. हसू आलं तर खुशाल हसा. पण त्या आठ महिन्यांत आमच्यातला एक माणूस एकदाही मनापासून हसला नव्हता, तेवढं ध्यानात ठेवा.

आधी ओळखी करून देते. राजापेठेत माझे फिजिक्सचे क्लासेस आहेत. वरच्या मजल्यावर जुने बाक जोडून त्यावर प्लायवूड ठोकलंय आणि त्यावर आमची खेळण्यातली रेल्वे आहे. 'खेळण्यातली' हा शब्द माझा. मंडळींसमोर तो उच्चारला तर दिवसभर कोणी धड बोलत नाही.

मंडळी म्हणजे तीन. डॉ. ढोले, इथलेच, दाताचे डॉक्टर. गुल्हानेभाऊ, परतवाड्याला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आणि अकोल्याचे इंगळे गार्डसाहेब, मालगाडीवर छत्तीस वर्षं गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यांना कोणी तसं म्हटलं, की ते शांतपणे म्हणतात, "मॅनेजर बँकेत असते. मी गार्ड होतो."

* * *

गार्डसाहेबांची एकुलती एक मुलगी सुजाता जर्मनीत नर्स आहे. वडिलांशी तिचं बोलणं म्हणजे चौदा एप्रिलला एक मेसेज, वाढदिवसाला एक मेसेज. फोन कधी नाही. अशा मुलीकडून यंदा एप्रिलात अचानक एक खोकं आलं.

ते खोकं गार्डसाहेबांनी अकोल्याहून बसने, मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टर म्हणाला, "काका, खोकं वर ठेवा न."

"वर नाई ठेवत. यात मालगाडी हाय."

"मालगाडी हाय, तर मंग बसनं काहून जाऊन राहिले?"

गार्डसाहेबांनी हा किस्सा आल्या आल्या आम्हाला सांगितला. स्वतः हसले नाहीत. खोक्याची दोरी ते गाठ सोडून काढत होते. कात्री दिली तर नको म्हणाले.

आत बावीस डबे निघाले. कोळशाचे, लाकडाचे, तेलाच्या टाक्यांचे, आणि शेवटी गार्डचा छोटा डबा. सगळे लोखंडी, वजनदार, जुन्या काळच्या सुबक रंगांचे. तिकडे कोणा म्हाताऱ्याच्या घरी जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे तिला मिळाले. सोबत एक चिठ्ठी होती. 'बाबा, तुमच्यासाठी.' तेवढंच. ती चिठ्ठी गार्डसाहेबांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

पहिला डबा रुळावर ठेवला आणि आमचं चालतं इंजिन जागेवर थांबलं. कंट्रोलरचा लाल दिवा लागला. डबा उचलला की इंजिन चालू, ठेवला की बंद. दुसरा ठेवला, तेच. तिसरा ठेवला, तेच.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, परीक्षा नाही! आमच्या रेल्वेला खऱ्यासारखे दोनच रूळ आहेत. एका रुळात प्लस, दुसऱ्यात मायनस. म्हणून एका आसावरच्या दोन चाकांत करंटचा संबंध चालत नाही, मधे प्लास्टिक लागतं. सुजाताचे डबे तीन रुळांवरचे होते. त्या पद्धतीत करंट मधल्या रुळातून येतो आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जातो, त्यामुळे चाक, आस, चाक असं सगळं एकच लोखंड असलं तरी बिघडत नाही. आमच्या रुळावर मात्र असा प्रत्येक डबा म्हणजे शॉर्ट सर्किट. बावीस डबे, चव्वेचाळीस आस. प्रत्येकाचं एक चाक काढायचं, भोक मोठं करायचं, मधे प्लास्टिकची बांगडी बसवायची, चाक परत अचूक सरळ बसवायचं.

आम्ही डोक्याला हात लावून बसलो असताना गार्डसाहेबांचा मोबाइल वाजला. सुजाताचा मेसेज होता. 'डबे मिळाले असतील. चालतात का?'

गार्डसाहेबांनी लाल दिव्याकडे पाहिलं. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'मस्त चालतात.' पाठवलं, आणि मोबाइल खिशात ठेवून म्हणाले, "मॅडम, आता हे चाललेच पायजेत."

* * *

गार्डसाहेब खोटं बोलले याचं आम्हाला नवल वाटलं. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली तर वहीत चारच मिनिटं लिहिणारा हा माणूस! पुढे एका रविवारी बाकीचे दोघे यायचे होते, आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा चाकं घासता घासता त्यांनी आपणहून सांगितलं.

"मॅडम, हिची माय गेली तेव्हा माही गाडी एका लहान्या स्टेशनावर बाजूच्या रुळाले उभी होती. दुपारी निरोप आला, दवाखान्यात लवकर या. स्टेशनमास्तर भला माणूस. मले म्हणे, पॅसेंजर येऊन राहिली, बसा अन् निघा, तुमची गाडी मी पाहतो. मी म्हटलं, बदली गार्ड आल्याबगर मले गाडी सोडता येत नाई."

"मग?"

"मंग काय. तो निघून जा म्हणे अन् मी नाई म्हणो. पॅसेंजर निघून गेली."

बदली गार्ड आल्यावर ते निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचले. सुजाता एकोणीस वर्षांची होती. कॉरिडॉरच्या बाकावर एकटी बसली होती. आई पहाटेच गेली होती.

"ती रडली नाई. मले म्हणे, 'बाबा, गाडी पोचली काय?'"

त्यानंतर अकरा वर्षं तिने बापाला काहीही विचारलं नव्हतं. 'चालतात का?' हा पहिला प्रश्न. त्याला हा माणूस 'नाही' कसं लिहिणार होता! मी उठून चहा ठेवला.

* * *

भोकं मोठी करायचं काम डॉ. ढोल्यांनी घेतलं. दात कोरायचं मशीन चाकाला इतकं छान लागू पडलं, की त्यांनी दवाखान्यातच कारखाना उघडला. मधे घालायची प्लास्टिकची बांगडी कशाची करायची हा प्रश्नही त्यांनीच सोडवला. कवळी करतात ते मटेरियल! घट्ट, टिकाऊ, करंट जात नाही. एकच अडचण, ते गुलाबी असतं. त्यामुळे कोळशाच्या काळ्या डब्यांच्या चाकांना हिरड्या फुटल्यासारखं दिसायचं.

एकदा बडनेऱ्याच्या एक आजी कवळीचं माप द्यायला खुर्चीत बसल्या. बाजूच्या ट्रेमध्ये आठ चाकं, गुलाबी बांगड्या भरून, ओळीने वाळत ठेवलेली. आजींनी बराच वेळ ती न्याहाळली.

"डाक्टर, हे माह्या तोंडात बसवून राहिले काय?"

"नाही हो आजी. हे मालगाडीचं काम आहे."

डॉक्टरांना वाटलं आजी आता उठून जातात. आजींनी विचारलं, "मालगाडी कोनाची?"

ढोल्यांचं तोंड सैल. त्यांनी सगळं सांगून टाकलं. गार्डसाहेब, मुलगी, तिचा मेसेज, सगळं. आजींनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि खुर्चीतून उतरल्या.

"मंग पैले त्यायचं करा. मी काय, पोळी दुधात कुस्करून खातो!"

त्या खरंच दोन आठवड्यांनी आल्या. आल्यावर आधी विचारलं, किती डबे झाले?

* * *

गार्डसाहेबांच्या समोर गाडी चालवायची तर त्यांचे नियम पाळावे लागतात. डबा एकच असला तरी ते टेबलाभोवती पूर्ण चक्कर मारून तो तपासणार. शेवटच्या डब्यामागे शेवटचा डबा असल्याची खूण लावणार. ती दिसली तरच मधे गाडी तुटली नाही हे कळतं. मग खिशातून रुमालाएवढी हिरवी झेंडी काढून दाखवणार. त्याआधी कंट्रोलरला हात लावायचा नाही.

जूनमध्ये पहिला डबा तयार झाला. डॉ. ढोल्यांना धीर धरवला नाही. गार्डसाहेब टेबलाच्या पलीकडे वाकून चाकं बघत असताना यांनी बटण फिरवलं. डबा चालला! ढोले टाळ्या पिटत उठले.

गार्डसाहेबांनी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि जिना उतरून थेट अकोल्याची बस धरली.

पुढच्या रविवारी ते आले, पण बोलेनात. ढोल्यांच्या पुढ्यात एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, 'विषय : गार्डच्या सिग्नलशिवाय गाडी सुरू केल्याबाबत लेखी खुलासा.' ढोल्यांनी खिशातून आपलं औषध लिहायचं पॅड काढलं आणि गंभीर चेहऱ्याने खुलासा लिहून दिला. 'माफी. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणानंतर. पाच दिवस.'

गार्डसाहेबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. घडी घालून फाइलला लावला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "कोर्स अर्ध्यात सोडू नका."

* * *

ऑगस्टमध्ये सुजाताचा दुसरा मेसेज आला. 'बाबा, व्हिडिओ पाठवा ना.'

तोवर नऊ डबे झाले होते, आणि तेही कधी चालत, कधी अडकत. जुन्या चाकांची कड खोल होती, ती सांध्याला ठेचाळायची. गुल्हानेभाऊ परतवाड्याहून दर आठवड्याला चार-पाच चाकं घासून आणत. कामाला इलाज नव्हता, वेळच लागणार होता. गार्डसाहेब मेसेज उघडून बसले होते, त्यांचा अंगठा नुसता काचेपर्यंत जाऊन परत येत होता.

गुल्हानेभाऊंना युक्ती सुचली. करंट बंद ठेवायचा म्हणजे शॉर्ट व्हायचा प्रश्नच नाही. बावीस डबे जोडायचे, पुढे मासे पकडायचा बारीक दोरा बांधायचा आणि टेबलाच्या टोकाला बसून हळूहळू ओढायचं, म्हणजे सांध्याला चाकंही ठेचाळत नाहीत. मी मोबाइल धरला. ढोल्यांनी तोंडाने आवाज काढला. डबे झोकात निघाले, पूल ओलांडला, वळण घेतलं. व्हिडिओ अप्रतिम झाला! गार्डसाहेबांनी तो पाठवला खरा, पण पाठवताना आमच्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. गार्डसाहेबांनी ते जसंच्या तसं आम्हा तिघांना पाठवलं.

'छान. इंजिन कुठं आहे?'

इंजिन सफाईसाठी गुल्हानेभाऊंच्या दुकानात होतं! चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, की बावीस डबे इंजिनाशिवाय पूल ओलांडून राहिले. फोनवर एकमेकांना सांगताना आम्ही तिघं आधी हसलो. मग गार्डसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मी उत्तर देलं."

"काय दिलंत?"

"इंजिन पुढे हाय, दिसत नाई."

तिकडून पुढे काही आलं नाही. मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. खोट्यात आपण हात दिला की ते आपलंही होतं.

* * *

दिवाळीच्या आसपास एकवीस डबे झाले. अकरा ढोल्यांनी जुळवलेले, दहा गुल्हानेभाऊंनी. बाविसावा म्हणजे गार्डचा डबा, तो गार्डसाहेबांनी अकोल्याला स्वतःच्या हाताने केला. पुरते तीन आठवडे लागले, आणि मदत कोणाचीही घेतली नाही.

एकेक डबा सुटा चालवून पाहिला. सगळे पास. मग गाडी जोडली. कंट्रोलर फिरवला, आणि लाल दिवा!

डबे सोडवले, एकेक चालतो. जोडले, की शॉर्ट. दोन तास हाच खेळ. शेवटी मीच भिंग घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक डब्याच्या एकाच बाजूच्या चाकांत बांगडी घातली होती. दुसऱ्या बाजूच्या चाकांतून करंट डब्याच्या लोखंडी अंगात येतो आणि लोखंडी आकड्यांतून शेजारच्या डब्यात जातो. म्हणून सगळ्या डब्यांची बांगडीची बाजू एकच हवी. आमचं ठरलंही होतं, उजवी बाजू. पण दाताचा डॉक्टर उजवी बाजू म्हणतो ती पेशंटची! पेशंट समोर बसलेला, म्हणजे डॉक्टरच्या डाव्या हाताला. ढोल्यांनी अकरा डबे पेशंटसारखे समोर बसवून केले होते. गुल्हानेभाऊंनी घड्याळासारखे, आपल्या हाताने.

झालं! "तुमाले सादा उजवा हात समजत नाई काय?" "भाऊ, अख्ख्या जगात दाताचा चार्ट असाच लिहितात!" "अवो पन डब्याले दात हायेत काय?" अर्धा तास भांडण. मी चव्वेचाळीस आसांचा हिशोब मनात मांडून खचले होते. निम्मं काम पुन्हा करायचं म्हणजे आणखी तीन महिने. आणि सुजाताचा मेसेज आलेला होता, डिसेंबरात येतेय.

गार्डसाहेबांनी चष्मा लावला. ते उठले, ढोल्यांचा पहिला डबा उचलला, हवेतल्या हवेत मागचं पुढे फिरवला आणि परत रुळावर ठेवला. बांगडीची बाजू आपोआप पलीकडे गेली. दुसरा उचलला. तिसरा. अकरावा ठेवल्यावर हात झटकले.

"छत्तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "पन डबा हाताने फिरवाची संधी आजच भेटली."

* * *

सुजाता डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आली. तिशीची मुलगी, केस बारीक कापलेले, चालणं अगदी गार्डसाहेबांचं. आम्हा तिघांना "जय भीम" म्हणून ती बाकाच्या कडेला उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही. बापलेकीत हातभर अंतर होतं आणि दोघंही टेबलाकडेच बघत होते.

गार्डसाहेबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी टेबलाभोवती चक्कर मारली. बावीस डबे, चव्वेचाळीस आस, एकेक वाकून पाहिला. शेवटची खूण लावली. झेंडी दाखवली. कंट्रोलरवर मी होते.

गाडी निघाली. पूल ओलांडला, वळण घेतलं, सांध्यावर एकही चाक ठेचाळलं नाही. पुढे इंजिन होतं! बावीसच्या बावीस डबे समोरून गेले. गुल्हानेभाऊ डोळे पुसत होते आणि ढोले ते आपण पाहिलं नाही असं दाखवत होते. गार्डसाहेब मुलीकडे न बघता म्हणाले, "हे पाय. मस्त चालतात."

सुजाताने गाडी दोन चकरा होईपर्यंत पाहिली. मग हळू आवाजात बोलली.

"बाबा, ज्यांच्याकडून हे डबे घेतले न, त्या आजोबांना मी तुमच्या डीपीवरचा या टेबलाचा फोटो दाखवला होता. ते म्हणे, घेऊ नको, हे तीन रुळांचे आहेत, तुझ्या वडिलांकडे चालणार नाहीत. मी म्हटलं, राहू द्या, हेच द्या."

तिची नजर चालत्या गाडीवरच होती.

"मले वाटलं, चालले नाही म्हणजे तुमी फोन कराल. काय करू म्हणून विचाराल. मी त्यांना विचारून सांगितलं असतं, तुमी अजून विचारलं असतं. आपल्याले बोलाले काहीतरी भेटलं असतं." ती बापाकडे वळली. "मी आठ महिने वाट पाहिली, बाबा. अन् तुमी म्हणता, मस्त चालतात."

गार्डसाहेब गाडीकडे बघत राहिले. तिसरी चक्कर झाली. मग त्यांनी हातातली हिरवी झेंडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"मॅडम, चार्ज घ्या."

आणि चालती गाडी सोडून ते गॅलरीत निघून गेले. ढोल्यांनी गाडी थांबवायला हात पुढे केला, तो गुल्हानेभाऊंनी धरला. गार्डसाहेब आमच्याकडे पाठ करून उभे होते, मान खाली, खिशात काहीतरी चाचपत.

सुजाताच्या हातातला मोबाइल वाजला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावला.

"हॅलो."

"सुजा, मी बाबा बोलून राहिलो अकोल्याहून," गॅलरीतून आवाज आला. "तू पाठवलेले डबे चालत नाईत वं."

सुजाता बाकावर बसली. डोळे पुसले.

"काहून बाबा? काय झालं? पैल्यापासून सांगा."